पेनाक्काची जाऊ

तुळजा, तुझ्या तेराव्याला आलेला जो तो खिशात हात घालत होता.

यायचे, मामंजींच्या पाया पडायचे, भावजींचा हात हातात घ्यायचे, आणि मग खिशातून नाहीतर पिशवीतून एक पेन काढून दाखवायचे. "हे त्यांनीच करून दिलं मला." पोस्टातला तो उंच माणूस. दातांची डॉक्टरीण. कोपऱ्यावरचा पानवाला, त्याचं चिंचेच्या लाकडाचं पेन चुन्याच्या बोटांनी पांढरं पडलेलं. मी कॉफी देत फिरत होते आणि प्रत्येक पेन हातात घेऊन बघत होते. लोकांना वाटलं, थोरली जाऊ आहे, गहिवरून येतंय तिला. गहिवर कसला? मी मनात म्हणत होते, ह्याला दिलंस, हिला दिलंस, पानवाल्यालाही दिलंस. माझ्याकडे नाही.

तू द्यायला निघाली नव्हतीस असं नाही. ते पुढे येईलच.

हे तू वाचलं असतंस तर पहिल्यांदा भाषेला हसली असतीस. "अक्का, हे कोणचं मराठी? पुण्याचं की काय?" आपण तमिळ मुलखातली मराठी माणसं घरी बोलतो तसं मला लिहिता येत नाही. लिहायचं मराठी मी मामंजींच्या पुस्तकांतून शिकले आणि ते तसंच उतरतं, इस्त्री करून. बोलणं तर माझं त्याहून कमी. तू बोलायचीस, मी मान हलवायची. आता तू गप्प झालीस तेव्हा मला तोंड फुटलंय. इथंही मला तुझी जागा रिकामी व्हावी लागली, बघ.

लाकूड कातायचा तो लेथ माझा होता. हे मी तोंडाने कधी म्हटलं नाही, मनात मात्र रोज म्हणायचे. पन्नाशी ओलांडली आणि माझा घसा बसायला लागला, म्हणून मी मुदतीआधी शाळा सोडली. मुलींच्या गणिताच्या वह्यांवर लाल खुणा करण्यात सगळी नोकरी गेली, आणि माझं म्हणावं असं एक पेन नव्हतं. शाळेनं दिलेली, कुणाच्या लग्नात हातावर ठेवलेली, तीच वापरायची. मग एकदा फोनवर एक माणूस दिसला, लाकडाचा चौकोनी तुकडा फिरवून त्याचं पेन करणारा. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. कोइंबतूरहून लेथ मागवला, शिवणयंत्राएवढा, आणि विहिरीशेजारच्या शेडमध्ये स्कूटरच्या जागी बसवला.

आमचे हे म्हणाले, "ह्या वयात सुतारकी?"

भावजी म्हणाले, "आणि माझी स्कूटर उन्हात."

तू म्हणालीस, "अक्का, मलाही दाखव हं." म्हटलं, दाखवीन. मला वाटलं होतं, तू विसरशील. विम्याची माणसं गाठत तू दिवसभर गावभर फिरायचीस, तुला वेळ कुठे?

मी वाचून, आकृत्या काढून, मापं घेऊन सुरुवात केली. तुकड्याच्या टोकावर दोन तिरप्या रेघा मारायच्या, त्या छेदतात तो मध्य. तिथून आरपार भोक पाडायचं. घाई करायची नाही, मधे मधे ड्रिल बाहेर काढून भुसा झटकायचा. पितळेची नळी काचकागदावर घासून खरबरीत करायची, गोंद लावून फिरवत फिरवत आत सरकवायची. गोंद वाळला की टोकं नळीबरोबर सपाट करायची. मग लेथच्या दांडीवर चढवायचं आणि गोल पटाशीनं कडेपासून, हळूहळू तासायचं. सगळं पाठ होतं मला. पहिलं लाकूड ड्रिल पलीकडून बाहेर पडताना फुटलं. दुसऱ्यात नळी अर्ध्यावर अडकली आणि तिथेच गोंद वाळला. त्याच्या पुढचं दांडीवर चढलं, गरगर फिरलं, पटाशी लागली मात्र, आणि त्याचे तुकडे माझ्या चष्म्यावर येऊन आदळले. मी शेडचं दार लावून घेतलं.

तू बाहेरून विचारलंस, "अक्का, काय पडलं?"

"काही नाही."

"काही नाही एवढ्या जोरात पडतं?"

पापनाशमला तुझ्या माहेरच्या परसातला फणस वादळात आडवा झाला, तेव्हा तू त्याची फांदी जुन्या साडीत गुंडाळून बसनं घेऊन आलीस, मांडीवर बाळ घेतल्यासारखी. शेजारच्या बाईनं "मुलगा की मुलगी?" म्हणून विचारलं म्हणे. मी फांदी हातात घेतली आणि सांगितलं, ओली आहे, वर्षभर सावलीत राहायला हवी.

"वर्ष? कसाला वर्ष? तांदळात घाल की. आंबा पिकतो, पाण्यात पडलेला फोन वाळतो. लाकडाला काय धाड भरलीय?"

आणि मला ते पटलं, तुळजा. शिकलेली बाई मी, पण घाई झाली होती. आपण दोघींनी तिचे तुकडे कापले, भुसासुद्धा न झटकता तांदळाच्या डब्यात खोल पुरले. पुढे तंजावरहून मामंजींचे जुने स्नेही जेवायला आले, आणि कुकर उघडला तर भात पिवळाजर्द. फणसाच्या लाकडात रंग असतो हे आपल्याला कुणी सांगटलं होतं? (बघ, आलं आपलं मराठी.) तू चटकन मोहरी, मिरची, कढीपत्ता फोडणीला टाकलास आणि लिंबाचा पिवळा भात, चित्रान्न म्हणून वाढलंस. पाहुण्यांनी मुकाट खाल्लं. मामंजी दोन घास चावून म्हणाले, "चित्रान्न बेस झालंय. पण लिंबाच्या जागी सुतार पिळलात काय?"

तू स्वयंपाकघरात खाली बसून तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मीसुद्धा. इतकी हसले की ह्यांनी आत डोकावून बघितलं. त्या दिवशी माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं. हे मुद्दाम लिहिते. तसंही एक मन होतं मला.

तांदळातले तुकडे बहुतेक तडकले. एक धड राहिला. तो तू माळ्यावर टाकलास. "हा कोपऱ्यात बसू दे वर्षभर. तुझं ऐकते, झालं?"

मग तो दिवस आला. मी शिसवीचा तुकडा दांडीवर चढवला होता आणि तू कॉफी घेऊन शेडमध्ये आलीस. पेला स्टुलावर ठेवलास, थोडा वेळ बघत उभी राहिलीस, आणि म्हणालीस, "मी एकदा हात लावू?"

मी पटाशी तुझ्या हातात दिली आणि बाजूला झाले. त्या वेळी माझ्या मनात एकच वाक्य आलं: फुटू दे.

तुझ्या मनात असलं काही येत नसे, म्हणून तुला सांगायला हवं की ते कसं येतं. राग नव्हता. मी तुझ्यासाठी कॉफीचा शेवटचा घोट ठेवायची तशीच ठेवणार होते. तरीही, फुटू दे. माझी फुटली तशी हिचीही फुटू दे.

कोपरे पटाशीला आपटत होते, टक टक टक. तू पटाशी दाबून धरली नव्हतीस. नुसती टेकवली होतीस, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात टेकवावा तशी. टकटक बारीक होत गेली, मग थांबली, आणि पात्यावरून एक लांब साल सुटली ती सुटतच राहिली.

"अक्का, बघ गं! बटाट्याची साल!"

नाही फुटलं.

तुझं पहिलं पेन तू तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या पिळ्ळैयार गणपतीपुढे ठेवून आणलंस आणि गल्लीभर दाखवलंस. तू बाहेर गेलीस तेव्हा मी त्याला जाडी मोजायचा व्हर्निअर लावून बघितलं. दोन टोकांच्या जाडीत फरक होता. मध्यभाग फुगलेला. ज्या पुस्तकानं मी स्वतःला नापास करत आले होते, त्या पुस्तकानं तूही नापास होतीस. मला बरं वाटलं. मग मी ते पेन लिहायला धरतात तसं धरलं, आणि खाली ठेवायचं म्हटलं तर हात ठेवेना. शेडमध्ये एकटी किती वेळ ते धरून बसले होते, कोण जाणे. तोपर्यंत मलाही पेनं जमायला लागली होती. बारीक, सरळ, माप चुकायचं नाही. लोक बघायचे, "छान" म्हणायचे, परत द्यायचे. तुझी कुणी परत देत नसे.

तुझी रीत तर मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. आधी समोरच्याचा हात धरायचीस. विमा उतरवायला बसलेला माणूस, तुझ्यापुढे कागद, आणि तू म्हणणार, "सही राहू दे. एक ओळ लिहा बघू. तुमच्या आईचं नाव लिहा." तो लिहायचा, तू त्याच्या बोटांकडे बघायचीस, मग मूठ आपल्या मुठीत घेऊन दाबून सोडायचीस. घरी येऊन लाकूड चढवायचीस आणि पेनाला पोट ठेवायचीस, नाहीतर मान बारीक करायचीस. कुठून कळायचं तुला? एकदा विचारलं, तर म्हणालीस, "बांगड्या भरणारी बाई माप घेते काय गं? हात बघते."

पुढे दारात कुणी आलं की "पेनाक्का इरुक्कांगळा?" म्हणून तुला हाक मारू लागले. पेनवाल्या अक्का आहेत का? मी दार उघडलं की माझ्या खांद्यावरून आत बघायचे. एकदा भाजीच्या बाजारात माझीच जुनी विद्यार्थिनी भेटली. पदवी घेतलेली, कडेवर मूल. तिनं नवऱ्याला माझी ओळख करून दिली. "ह्या पेनाक्काच्या जाऊबाई."

मी तिला समीकरणं शिकवली होती, तुळजा.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. मामंजींचं गिळता आलं नाही.

मामंजी रोज सकाळी रामनाम लिहितात. हात थरथरायला लागला तशी अक्षरं रेघेवरून घसरू लागली, आणि एक दिवस त्यांनी वही मिटून ठेवली. मी त्यांच्यासाठी पेन करायला घेतलं. चंदनाचं, सडसडीत, माझं तोपर्यंतचं सगळ्यांत सुबक. त्यांनी कपाळाला लावलं, दोन अक्षरं लिहिली, आणि नीट टोपण लावून उशाशी ठेवलं. तू त्यांच्याजवळ बसलीस, त्यांचा हात धरलास, आणि नंतर शेडमध्ये जाऊन कडुलिंबाचं एक पेन केलंस. जाडजूड, पोट सुटलेलं, अक्षरशः मुसळ. मला हसू आलं. मामंजींनी ते मुठीत धरलं, एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि वर बघून म्हणाले, "आता राम पळत नाही."

मला त्या माणसानं ह्या घरात आणलं. मला लिहायला शिकवलं. माझ्या कुठल्याही गोष्टीला ते "बेस" म्हणाले की माझा दिवस छान जायचा. आणि राम तुझ्या पेनात थांबला.

त्याच आठवड्यात तू माझ्यासमोर येऊन बसलीस. कागद पुढे केलास. "अक्का, आता तुझं. एक ओळ लिही बघू."

"माझ्याकडे पेनं आहेत."

"ती तू केलेली. मी केलेलं कुठे आहे?"

"नको मला."

"नक्को तर नक्को. पण पेन धरतेस की विंचू, ते तरी एकदा बघू दे."

तुला माहीत होतं का, मी पेन अशी का धरते? लहानपणी शाईनं बोटं भरली की आई लाटण्यानं मारायची. म्हणून मी पेन खूप वर धरते, निबपासून जितकं लांब जाईल तितकं. शाळेतल्या मुलीसुद्धा मागे बसून माझी नक्कल करायच्या. तू हात पुढे केलास, माझा हात धरायला. मी माझा हात पदराखाली घेतला. तू थोडा वेळ तशीच हात पुढे करून बसलीस. मग त्याच हातानं टेबलावरचा कागद उचललास आणि गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी लेथचा बेल्ट काढला.

एवढासा काळा रबरी बेल्ट. मोटरची चाकी आणि वरची चाकी, ह्यांच्यामधला. तो नसला की मोटर फिरते आणि लाकूड जागचं हलत नाही. मी तो घडी करून माझ्या कपाटात, रेशमी साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवला. संध्याकाळी तुला सांगितलं, बेल्ट तुटला, कोइंबतूरला कळवलंय. तू लगेच म्हणालीस, "मग तुझंही अडलं की गं, अक्का." वाईट वाटलं तुला, माझ्यासाठी.

दोन-चार दिवसांनी परत बसवीन असं ठरवलं होतं. पण तुझी हाक बंद झाली. म्हणजे दारावरची. "पेनाक्का नाहीत, मशीन बिघडलंय," म्हणून मी सांगायची आणि माणसं परत जायची. मला ते सांगायची गोडी लागली. लेथवर मीही बसले नाही. माझ्या हाताला तर माझ्याच पेनांचा कंटाळा आला होता. तुला काही करू न देणं, एवढंच माझं काम होऊन बसलं. तू जिना चढता उतरता विचारायचीस, "बेल्ट आला का गं?" मी नाही म्हणून मान हलवायची. मान हलवायला शब्द लागत नाहीत, खोटंही अर्धंच वाटतं.

सरस्वतीपूजेला तू शेड धुतलीस. पटाश्या पुसून केळीच्या पानावर ओळीनं मांडल्यास. मामंजींचं ते मुसळ आणलंस, माझी सडसडीत पेनं आणलीस. लेथला चंदन-कुंकू लावलंस, आणि मग दोन्ही चाक्यांवर, जिथे बेल्ट असायला हवा तिथे, बोटानं कुंकवाची एक एक टिकली दिलीस. "बेल्ट नाही म्हणून पूजा चुकवायची काय? बिचाऱ्याला वाईट वाटेल." मी कापूर पेटवत होते. आतल्या खोलीतलं माझं कपाट तिथून दिसत होतं. तेव्हा उठले असते, बेल्ट आणला असता, "सापडला" एवढं जरी म्हणाले असते, तरी तू टाळ्या वाजवल्या असत्यास. मी आरती ओवाळली.

विजयादशमीच्या सकाळी पूजेतली हत्यारं उचलून ज्यानं त्यानं आपलं काम थोडं तरी करायचं. मामंजींनी एक ओळ लिहिली. भावजींनी स्कूटर गल्लीत फिरवून आणली. तू माळ्यावरून तो फणसाचा तुकडा काढलास. वर्ष होऊन गेलं होतं. कधी भोक पाडलंस, कधी नळी बसवलीस, मला पत्ता नव्हता. कोपरेसुद्धा सुरीनं तासून आणले होतेस. टोकावर कुंकवाचा ठिपका होता. निब कुठल्या बाजूला, ते कळायला तू नेहमी तसा द्यायचीस. लेथवर चढवलास, डाव्या हाताच्या तळव्यानं चाकी फिरवायला लागलीस आणि उजव्या हातानं पटाशी टेकवलीस. हातानं फिरवून काय होणार! तरी बांगड्या वाजवत, दमत, तू फिरवत राहिलीस, आणि त्या लाकडात एक खोल खाच पडली. गोल, सगळीकडून. वर, ठिपक्यापासून खूप लांब.

मी म्हणाले, "हे काय केलंस? भलत्या ठिकाणी खाच पाडलीस. वाया गेलं लाकूड."

तू कपाळाचा घाम पुसलास. "वाया कसाला जाईल? मुहूर्त झाला. राहू दे तसंच. बेल्ट आला की करीन पुरं."

मी मनात काय म्हटलं सांगू? म्हटलं, चुकली एकदाची.

तो शेवटच्या संध्याकाळचा प्रसंग मी रोज पुन्हा बघते. तू वर निघाली होतीस, मी खाली तांदूळ निवडत होते. जिन्याच्या वळणावर थांबून तू कठड्यावरून वाकून बघितलंस. तोंडानं विचारलंही नाहीस. नुसत्या भुवया उंचावल्यास आणि बोटानं हवेत एक गोल काढलास: बेल्ट?

मी मान हलवली.

"येईल गं," तू म्हणालीस, आणि वर गेलीस. सकाळी भावजींची हाक ऐकून आम्ही वर धावलो. तू झोपेतून उठलीच नव्हतीस.

सुतक होतं तोवर शेडकडे गेले नाही. तेराव्याची माणसं पेनं दाखवून, जेवून गेली. ज्याच्या त्याच्या खिशात तुझा हात होता. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटत होता, तुळजा. पानवाल्याचा सगळ्यांत जास्त. तो पेन चुन्यानं माखवतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, कारण ते त्याचं आहे. दुपारी मी मामंजींकडे गेले. म्हटलं, तुळजाबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत, तुमचं ते पेन थोडा वेळ देता का?

त्यांनी मूठ घट्ट केली. "नाही. हे मी देणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं कुठे आहे?"

मी शेडमध्ये गेले.

चाक्यांवरचं कुंकू वाळून काळपट झालं होतं. फणसाचा तुकडा तू ठेवलास तसाच दांडीवर होता. मी तो काढून घेतला. पुरा करायचा म्हटलं तर तुझी ती खाच तासून टाकावी लागणार, आणि तुझ्या हातची लाकडावरची शेवटची खूण तेवढीच. तासायची नाही तर ठेवायची कशी, असा विचार करत, कुठे काय मापाचं आहे ते बघायला मी तो तुकडा सहज लिहिल्यासारखा धरला. ठिपका खाली. माझ्या सवयीप्रमाणे, खूप वर.

बोटं खाचेत बसली.

तीनही. आपोआप. विंचू धरतात तशी.

मी ती जागा सोडून खाली धरून बघितलं, सगळी माणसं धरतात तिथे. तिथे काही नव्हतं, साधं लाकूड. त्या उंचीवर पेन धरणारं ह्या गावात दुसरं कुणी नाही. मी तुला हात दिला नव्हता. मग तू कधी बघितलंस? वाण्याची यादी करताना, मामंजींच्या औषधांच्या वेळा लिहून ठेवताना, शाळेत होते तेव्हा रोज रात्री वह्या तपासताना. समोर भाजी निवडत बसायचीस आणि बडबडायचीस, मला वाटायचं बडबडतेच आहे नुसती. मी तुझं माप व्हर्निअरनं काढत होते तेव्हा तू माझं काढून ठेवलं होतंस. आणि मी म्हटलं होतं, भलत्या ठिकाणी.

कपाट उघडलं. रेशमी साड्या उचलल्या. बेल्टला डांबरगोळ्यांचा वास लागला होता. दोन्ही चाक्यांवरच्या कुंकवावरच तो चढवला.

आज सकाळी ते पेन पुरं झालं. तुझ्या खाचेला मी पटाशी लावली नाही. तिच्या तळाशी काचकागद फिरवला तेवढाच. बाकीचं लाकूड दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतरवत आणलं. व्हर्निअर मी हातात घेतला आणि परत ठेवला. मग परत घेतला. तुला खोटं सांगत नाही, एकदा लावून पाहिलाच. माप कुठेच जुळत नाही. शेडभर पिवळा भुसा झाला, माझ्या साडीवर, चष्म्यावर. निबची बाजू चढवली, शाई भरली. हा मजकूर शेवटच्या ह्या पानापर्यंत बॉलपेननं लिहिला होता; हे पान तुझ्या पेननं लिहिते आहे. मामंजींनी हातात घेऊन बघितलं, खाचेतून बोट फिरवलं आणि "बेस" म्हणाले. मला की तुला, ते मी विचारलं नाही. तुला म्हणाले असणार. लगेच पोटात दुखलं. बरं वाटलं, ते दुखणं अजून आहे म्हणून. तू होतीस तोवर रोज दुखायचं.

तुझं पेन चांगलं झालंय. तुझी सगळीच चांगली व्हायची. मी एकदाही म्हणाले नाही. शिसवीच्या त्या पहिल्याला म्हणायला हवं होतं, साल सुटली तेव्हाच.

वर भावजींच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. जिन्याच्या वळणावर मी उगाच वर बघितलं.

तुळजा, बेल्ट आला.